खट : तीन मिनिटं चाळीस सेकंद

२२ एप्रिल २००२, सोमवार

नोकरी पक्की झाली. दुपारी अंधेरीहून फोन आला. नवं खासगी एफएम चॅनल पुढच्या महिन्यात सुरू होतंय आणि त्यावर रोज सकाळी सहा ते सात हा शास्त्रीय संगीताचा तास माझ्या स्वाधीन. निवड माझी, निवेदन माझं. कार्यक्रमाचं नावही मीच सुचवलं, ‘उषःस्वर’. लगेच मान्य झालं.

कॅसेट कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत वसईच्या या फ्लॅटमध्ये मी काय केलं ते आठवायला लागलो तर आशाचा डबा भरून देणं आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं, एवढंच आठवतं. आशालता पोस्टात आहे; चौदा महिने आमचा संसार तिच्या पगारावर चालला. ती मला कधी काही बोलली नाही. आज येताना मात्र पेढे घेऊन आली, म्हणजे मनात काळजी होतीच.

चॅनलचा कार्यक्रमप्रमुख संग्राम, वय फार तर अठ्ठावीस. मुलाखतीत त्याने सरळ सांगितलं होतं, “सर, सकाळी सहाला आमच्याकडे एकही जाहिरात नाहीये. तो तास असाही रिकामाच जाणार. तुम्हाला पाहिजे ते वाजवा.” चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढं स्वातंत्र्य मला कोणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी सांडोरला जाऊन कॉन्रॅडला बातमी दिली. तो केळीच्या वाडीत पाणी लावत होता. त्याने हात पुसले आणि मला मिठी मारली. माझ्या शर्टाला चिखल लागला.

९ मे

पहिला आठवडा पार पडला. भैरव, ललित, रामकली, देसकार. पूर्ण विलंबित, मग द्रुत. मध्ये मी दोन-चार वाक्यं बोलतो.

स्टुडिओच्या भिंतीवर एक मोठं वर्तुळ लावलंय. तासाचं घड्याळच, पण त्याचे केकसारखे तुकडे पाडलेले : गाणं, जाहिरात, बडबड, गाणं, जाहिरात. चोवीस तासांची चोवीस वर्तुळं. माझ्या तासाचं वर्तुळ आख्खं पांढरं आहे. ध्वनिमुद्रण बघणारा ब्रायन हसून म्हणाला, “सर, तुमचा केक कोणी कापलाच नाही.” आमच्या वसईजवळच्या पापडी गावचा मुलगा आहे, गुणी आहे.

१९ मे, रविवार

कॉन्रॅडकडे जेवायला गेलो. भाईंदरची खाडी ओलांडली की आमचं चॅनल खरखरतं, म्हणून त्याने आंब्याच्या झाडावर तांब्याची तार चढवली आहे. थेरेसावहिनी म्हणाल्या की सहाला रेडिओ लावतात आणि सात वाजेपर्यंत घरात कोणाला भांडं वाजवू देत नाहीत.

कॉन्रॅडबद्दल इथे कधी सविस्तर लिहिलं नाही. आम्ही दोघं दामोदरबुवांकडे शिकलो. बुवा दर शनिवारी मुंबईहून वसईला यायचे आणि देवळामागच्या खोलीत शिकवायचे. सांडोरच्या ख्रिस्ती वाडीवाल्याचा मुलगा ख्याल शिकायला आला म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. बुवांनी त्याला पुढे बसवलं. बोलताना त्याच्या तोंडी ‘पानी’ आणि ‘कोनी’ असतं. गायला लागला की ‘ण’ असा स्वच्छ लागतो की ऐकत राहावं.

बुवांचा खट त्याच्याकडेच आहे. खट हा राग फार थोडे लोक गातात. त्यात बुवांची जी विलंबित बंदिश होती ती त्यांनी फक्त कॉन्रॅडला दिली. मला दिली नाही. “चंद्रहास, तुझ्या गळ्याची ही वाट नाही,” म्हणाले. शहात्तर साल. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा गळा कसा आहे ते मला ठाऊक होतं.

माझी मुलगी क्षितिजाही कॉन्रॅडकडे सहा वर्षं शिकली. बारावीच्या परीक्षेसाठी थांबली ती थांबलीच. खट तिला अजून दोन वर्षांनी देईन, असं तो तेव्हा म्हणाला होता.

११ जून

आजवर सव्वीस पत्रं आली. त्यातली नऊ साठीच्या पुढच्यांची, हे अक्षरावरून कळतं. संग्रामला दाखवली. त्याने चाळली, “छान छान,” म्हणाला, आणि विचारलं की फोन किती येतात. फोन येत नाहीत. सहा वाजता तंबोरा ऐकत बसलेला माणूस उठून फोन कशाला करेल?

३० जुलै

मनात एक कल्पना आहे. कॉन्रॅडचं गाणं आजवर कुठेही ध्वनिमुद्रित झालेलं नाही. उत्सवात गातो, चर्चमध्ये मुलांना शिकवतो, मित्रांकडे बसला तर तीन तास गातो. वाडी सोडून मुंबईला खेपा घालणं त्याला कधी जमलं नाही, आणि आपल्याला कोणी ऐकावं अशी धडपडही त्याने केली नाही. आता माझ्या हातात स्टुडिओ आहे. बुवांचा खट एकदा पक्का नोंदून ठेवायचा आणि ‘उषःस्वर’मधून एक संपूर्ण तास ऐकवायचा.

संग्रामने हो म्हटलं. दुपारी स्टुडिओ मोकळाच असतो. कॉन्रॅड आढेवेढे घेतोय, पण येईल.

१४ ऑगस्ट, बुधवार

झालं.

तीन तास लागले. कॉन्रॅडने लग्नातला कोट घातला होता. तबल्याला सुमेध होता. तंबोरा कॉन्रॅडने स्वतः लावला, त्यातच चाळीस मिनिटं गेली, पण ब्रायनने कुरकुर केली नाही. गायच्या आधी कॉन्रॅडने छातीवर क्रूसाची खूण केली, मग तंबोऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. बुवांसमोरही तो हेच करायचा.

खट बावन्न मिनिटं. मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. पंधरा मिनिटं तर नुसता आलाप, आणि त्यात एके ठिकाणी तो एका धैवतावरून दुसऱ्या धैवतावर असा उतरला की मला बुवांच्या खोलीतल्या ओल्या भिंतीचा वास आला. ब्रायनने दोन्ही हात यंत्रावरून उचलले होते. नंतरच्या एका आवर्तनात कॉन्रॅडचा धैवत किंचित चढला असं मला वाटलं. ब्रायनला तसं काही जाणवलं नाही. त्याला अर्थात शास्त्रीयचा कान नाही.

निघताना ब्रायनने विचारलं, “सर, सगळ्याची एक सीडी काढून देऊ का अंकलना?” मी म्हटलं, आधी प्रसारण होऊ दे, घाई काय आहे. कॉन्रॅड खाली रिक्षात बसून थेरेसावहिनींनी दिलेलं केळं खात होता. मला म्हणाला, “चंदू, आज बुवा असते तर काहीतरी चूक काढली असती.” मी धैवताचं बोललो नाही.

२६ ऑगस्ट

उषःस्वर एक सप्टेंबरपासून अर्ध्या तासाचा. साडेसहापासून हिंदी भजनं आणि राशिभविष्य. त्याला एका अगरबत्तीवाल्याची जाहिरात मिळाली आहे. संग्रामने मला बोलावून चहा देऊन सांगितलं. वाईट बोलला नाही. “सर, तुमचा स्लॉट मी काढला नाही, वाचवला,” म्हणाला. त्याचं खरं असावं.

कॉन्रॅडचा तास मात्र आता बसत नाही. बावन्नाचे चोवीस करावे लागतील.

५ सप्टेंबर

सकाळी खट वाजला, चोवीस मिनिटं. कापायचं काम मी स्वतः केलं, ब्रायनकडे सोपवलं नाही. संगणकावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते, ती निवडायची आणि पुसायची. आलापाची पंधरातली बारा मिनिटं काढली. दोन धैवतांची ती जागाही गेली; तिथे कॉन्रॅडचा श्वास फार ऐकू येत होता.

आशाने सकाळी ऐकलं. संध्याकाळी भाजी निवडताना विचारलं, “दुसऱ्या कोणाचं असतं तर तुम्ही एवढं कापलं असतं?” मी म्हटलं, वेळच तेवढा आहे, त्यात माणूस कुठून आला. तिने भाजीची देठं कागदात गुंडाळून उचलली.

८ सप्टेंबर, रविवार

सांडोरला गेलो. कॉन्रॅडने चहा झाल्यावर एकच विचारलं. “चंदू, आलाप कुठं गेला रे?”

मी त्याला वर्तुळ, जाहिराती, अर्धा तास सगळं समजावलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “असू दे. पूर्न तुझ्याकडं आहे ना?” आहे म्हटलं. त्याची सीडी करून द्यायची आहे.

१३ जानेवारी २००३

चार महिने या वहीला हात लागला नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

ऑक्टोबरात एक सर्व्हे झाला. त्यात साडेसहापूर्वी ऐकणारे इतके कमी निघाले की आमचा आकडा कागदावर एक बारीकशी रेघ होता. नोव्हेंबरात अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. आता आजपासून ‘उषःस्वर’ हे नावच नाही. सकाळच्या मोठ्या कार्यक्रमात एक ‘शांत क्षण’ असेल, तीन-चार मिनिटांचा. गाण्यांच्या मध्ये थोडा विसावा, असं संग्रामचं म्हणणं. निवेदन मी करायचं नाही. माझा आवाज ‘बँकेतल्या सूचनेसारखा’ येतो असं कुणीतरी लिहून दिलंय.

मी तीन दिवस विचार केला. सोडून द्यावं का? सोडलं तर तीन मिनिटंही जातील. सकाळी आठ वाजता लाखो लोक ऐकतात. उषःस्वरला हजारही नव्हते. लाखातल्या दहांनी जरी मान वर करून विचारलं की हे काय होतं, तरी ते पुढे शोधतील. मला हा विचार पटतो. आशाला सांगितला. ती म्हणाली, “तुम्हाला पटतोय ना, मग झालं.”

एक आनंदाची गोष्ट : या कार्यक्रमाला नवा आवाज हवा होता, आणि संग्रामने क्षितिजाची चाचणी घेतली. ती निवडली गेली. बीए झाल्यापासून घरीच होती. माझ्या ओळखीने नव्हे, आवाजावर निवडली, असं त्याने मुद्दाम सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

येत्या शुक्रवारी ‘शांत क्षण’मध्ये खट लावायचा. संग्रामला वसईचा शेतकरी शास्त्रीय गातो हे फार आवडलं. तो म्हणाला, ही स्टोरी आहे. मी काल बसून तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा तुकडा केला. मुखडा, एक तान, पुन्हा मुखडा. तंबोऱ्याचं गुंजन गाडीत बसून ऐकणाऱ्याला खरखरीसारखं वाटतं, म्हणून ते दाबून मागे कीबोर्डचा हलका आवाज भरला. अगदी हलका.

क्षितिजा आज माझ्याशी वाद घालायला लागली. पहिल्या वीस सेकंदांवर तिने बोलायचं आहे, तशी पद्धतच आहे. ती म्हणाली, “बाबा, कॉन्रॅडकाकांचा सूर लागल्यावर मी कशाला बोलू?” मी सांगितलं की तेवढं चालतं, निदान त्यांचं नाव तरी लोकांपर्यंत जाईल. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. नव्या नोकरीचं दडपण असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मी सुट्टी टाकून सकाळीच सांडोरला गेलो. थेरेसावहिनींनी आळीतल्यांना बोलावलं होतं. ओट्यावर पंधराएक माणसं, दोन बाकं चर्चमधून आणलेली. खुर्चीवर रेडिओ, रेडिओवर विणलेला रुमाल. चिंचोटीहून कॉन्रॅडची बहीण ग्रेसी येऊन राहिली होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी आधी मोबाइलची जाहिरात झाली, मग क्षितिजाचा आवाज आला. ‘अपने वसई के’ म्हणत तिने कॉन्रॅडचं नाव घेतलं, सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग खट. लोकांनी माना पुढे केल्या, आणि ते नीट बसेपर्यंत संपलं. पाठोपाठ एक नाचाचं गाणं लागलं. ग्रेसीने विचारलं, आता परत कधी लागेल? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की सुंदर होतं. वहिनींनी सगळ्यांना चहा आणि केळ्याची भजी दिली.

कॉन्रॅड मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. क्षितिजा मोठी झाली, एवढंच बोलला. त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. थंडीने असेल.

२१ मार्च

ऑफिसात सर्व्हरची सफाई आहे. प्रत्येक विभागाने वापरात नसलेल्या फायलींची यादी तपासून सही करायची. माझ्या नावावर चार पानं होती, बहुतेक उषःस्वरचे जुने भाग. प्रसारित झालेले तुकडे वेगळ्या ठिकाणी राहतात. सही केली. ब्रायनचा आज शेवटचा दिवस होता. त्याला दुबईत काम मिळालं. निरोपाचा नारळ द्यायला हवा होता, लक्षात राहिलं नाही.

१८ मे

कॉन्रॅडचा घसा फेब्रुवारीपासून सुधारलेलाच नाही. वसईच्या डॉक्टरांनी तीनदा औषधं बदलली. थेरेसावहिनींनी आज सकाळी पोस्टात जाऊन आशाला सांगितलं की आता परळला मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलंय. त्या रडल्या नाहीत, असं आशा म्हणाली. पण जाताना पिशवी काउंटरवरच विसरल्या.

६ जून

कर्करोग. स्वरयंत्राचा. सगळंच काढावं लागेल.

मी रुग्णालयात त्याच्या शेजारी बसलो होतो. तो घोगऱ्या आवाजात बोलत होता, फार थोडं. म्हणाला, “चंदू, बरं झालं रे तू ते करून ठेवलंस. मी तेव्हा उगा आढेवेढे घेतले.” मग म्हणाला की घरी गेल्यावर पूर्ण बावन्न मिनिटं ऐकायची आहेत, एकदाही ऐकलेली नाहीत. आणि चर्चमधल्या दोन मुलांचे गळे चांगले आहेत, त्यांना त्यावरून शिकता येईल. आपण शेजारी बसून हाताने दाखवू.

मी म्हटलं, आणून देतो.

९ जून

सर्व्हरवर नाही.

१० जून

आज दिवसभर शोधलं. बावन्न मिनिटांची मूळ फाइल त्या चार पानांत होती, तिसऱ्या पानावर, खालून पाचवी. शेजारी माझी आद्याक्षरं. चोवीस मिनिटांचा भाग उषःस्वरच्या खात्यात होता. ते अख्खं खातंच काढून टाकलं. संगणक बघणाऱ्या मुलीने दोनदा तपासलं, मग मलाच खुर्ची दिली. ब्रायनला दुबईला फोन लावला. त्याने टेपवरही घेतलं होतं, पण त्या टेपा फिरून वापरतात. “सर, मी तेव्हा विचारलेलं तुम्हाला,” एवढं म्हणाला. फोन चालूच होता.

चार पानं कोण वाचतं? कोणीही सही केली असती.

घरी कोणाला सांगितलेलं नाही.

१७ जून

शस्त्रक्रिया नीट झाली. गळ्याला भोक आहे, श्वास तिथून चालतो. बोलणं कायमचं बंद. काचेतून मला बघून त्याने हात वर केला आणि दोन बोटं गोल फिरवली. सीडी. मी मान हलवली.

१० ऑगस्ट

रविवारी सांडोरला जायचं टाळतो आहे. वहिनींना फोनवर सांगितलं की ऑफिसची परवानगी लागते, कागद वर गेलाय. त्या म्हणाल्या, सावकाश करा भाऊ, तुम्हाला त्रास नको. कॉन्रॅड रोज दुपारी रेडिओजवळ बसतो, तेवढ्यात तुमची आठवण काढतो, असंही म्हणाल्या. आठवण कशी काढतो ते मी विचारलं नाही.

३० सप्टेंबर

‘शांत क्षण’ बंद झाला. त्या जागी वाहतुकीची खबर. मला संग्रामने आधी सांगितलं नव्हतं. भिंतीवरचं वर्तुळ बदललेलं दिसलं. मी त्याच्या खोलीत गेलो. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, याचं मला बरं वाटलं. म्हणाला, “मुणगेकर सर, खरं सांगू? मला वाटलेलं तुम्ही पहिल्याच वर्षी भांडाल. तुम्ही भांडला असता तर मीपण वर काहीतरी बोललो असतो.” मग डिसेंबरपर्यंत पगार चालू राहील असं सांगितलं.

मी भांडणाऱ्यांतला नाही. असतो तर एवढंही टिकलं नसतं.

२ डिसेंबर

आज क्षितिजाला कळलं. तीच जुन्या फायली शोधत होती. कॉन्रॅडकाकांच्या वाढदिवसाला पूर्ण खट द्यायचा, असं तिच्या मनात होतं. त्या संगणकवाल्या मुलीने तिला माझ्या सहीचा कागद दाखवला.

ती रागावली नाही. घरी येऊन माझ्यासमोर बसली. “बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत?” नाही म्हटलं. “सहा महिने?” आशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅस बंद केला, हे मला ऐकू आलं. क्षितिजाने सांगितलं की ती पुण्याला मैत्रिणीकडे जातेय, तिथल्या चॅनलवर काम आहे. हे तिचं आधीपासूनच ठरत होतं बहुतेक.

११ जानेवारी २००४, रविवार

आज सांडोरला गेलो. आशा म्हणाली, मी येऊ का? मी नको म्हटलं.

बरोबर तीन मिनिटं चाळीस सेकंदांची सीडी होती. जगात तेवढंच उरलंय.

थेरेसावहिनींनी दार उघडलं. कॉन्रॅड ओसरीवर चटईवर बसला होता, गळ्याभोवती पांढरं मऊ फडकं. फार वाळला आहे. शेजारी वही आणि पेन्सिल. मी खाली बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. यादी, चार पानं, सही, ब्रायनची टेप, परवानगीचं खोटं. माझ्या सहीचंही लपवलं नाही. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

कॉन्रॅडने वही ओढून लिहिलं : किती राहिलं?

मी सांगितलं. त्याने लिहिलं : लाव.

ब्रायनने दुबईला जाताना कॉन्रॅडसाठी आपला जुना सीडी प्लेअर ठेवला होता. लावला. क्षितिजाचा आवाज आला, तिच्या खालून कॉन्रॅडचा. तो डोळे मिटून बसला होता. कीबोर्ड सुरू झाला तेव्हा त्याने एकदा डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. संपल्यावर लिहिलं : पोरीचा आवाज छान लागलाय.

मग बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, माझ्याबद्दल. त्याने वही माझ्याकडे फिरवली. बंदिश होती. अस्ताई, अंतरा, आणि शब्दांच्या खाली स्वर, बारीक अक्षरात. खाली लिहिलं होतं : तू म्हण.

मी सांगितलं की बुवांनी मला ही दिली नव्हती. त्याने मान हलवून वहीवर बोट ठेवलं. तंबोरा त्याने स्वतः घेतला. तारा जुळवल्या, सूर लागला.

मी अस्ताई म्हटली. वीस-पंचवीस वर्षांत कोणासमोर गायलो नव्हतो. स्वर सगळे कागदावर होते तसेच घेतले, मला त्यात चूक दिसली नाही. कॉन्रॅडने हात वर करून थांबवलं. पुन्हा. हाताने हवेत उतार दाखवला, एका धैवतावरून दुसऱ्यावर, मध्ये बोट जरा रेंगाळलं. मी पुन्हा घेतलं. पुन्हा थांबवलं. पाच वेळा, सहा वेळा. एकदा तो इतका पुढे झुकला की त्याने तोंड उघडून दाखवायला घेतलं. ओठ बरोबर हलले. गळ्यावरचं फडकं फुगलं आणि नुसती हवा बाहेर आली. वहिनी आतून धावत आल्या. त्याने त्यांना हातानेच परत पाठवलं.

मग अंतरा. वरच्या षड्जावर माझा आवाज फाटला. खाली घेऊन म्हटला. कितव्यांदा ते मोजलं नाही, ऊन ओसरीतून वाडीवर सरकलं होतं. शेवटी त्याने मान डोलावली. एकदा नाही, दोनदा. हसलासुद्धा. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वहीवर लिहिलं : जमलं. पुरे.

मला वाटतं, शेवटच्या वेळी खरंच थोडं जमलं असावं. त्याला खोटं कौतुक करायची सवय नाही.

वहीचं ते पान त्याने फाडून मला दिलं. चर्चमधल्या मुलांना कधीपासून शिकवायला येऊ, असं मी विचारलं. त्याने हाताने, बघू, असं केलं.

फाटकातून वळून पाहिलं तेव्हा तो तंबोऱ्याच्या खुंट्या फिरवून तारा उतरवत होता, एकेक करून, चारही. पावसाळ्यात तारा सैल करून तंबोरा बांधून ठेवतात. आता जानेवारी आहे. समुद्राची दमट हवा असते तिकडे, म्हणून करत असेल.